वाचकांचे प्रश्न : आराखडा पक्का होण्यापूर्वी

गाव आणि शहराच्या नियोजनात सामान्य रहिवाशांचा सहभाग कसा असावा, याविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे आणि गावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावात २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पुढील वर्षाच्या विकास आराखड्यातील कामांची यादी पाच-दहा मिनिटांत वाचून दाखवण्यात आली आणि ‘सर्वानुमते मंजूर’ असे जाहीर झाले. यादीतील एका बंदिस्त गटाराच्या कामावर मी आक्षेप घेतला, तेव्हा ‘आता यादी तयार झाली आहे, पुढच्या वेळी बघू’ असे उत्तर मिळाले. ग्रामसभा सर्वोच्च आहे असे आपण वाचतो. मग तिला अर्थ काय उरला? – एक शेतकरी, सातारा जिल्हा

उत्तर : आपला सात्त्विक संताप रास्त आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार विकासाच्या योजना आणि कार्यक्रम यांना ग्रामसभेची मान्यता अंमलबजावणीपूर्वी घ्यावी लागते, आणि वैयक्तिक लाभाच्या योजनांतील लाभार्थ्यांची निवडही ग्रामसभेनेच करायची असते. हा अधिकार कागदोपत्री भक्कम असूनही तो हातातून निसटतो, कारण आपण सारे फक्त सभेच्या दिवशी जागे होतो. ज्या दिवशी यादी वाचली जाते, त्या दिवशी निर्णय होऊन गेलेला असतो. तो झालेला असतो त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत, म्हणजे कामे सुचवली जातात, त्यांना क्रम दिला जातो आणि अंदाजपत्रके बेतली जातात त्या काळात.

चौदाव्या वित्त आयोगाचा (केंद्राचा निधी राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा वाटावा, याची शिफारस करणारा आयोग) निधी थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागल्यावर राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम सुरू झाला आणि आराखडा तयार करण्याची एक ठरावीक पद्धत आखून दिली गेली. तीत गावफेरी आणि शिवारफेरी आहे, वस्तीनिहाय चर्चा आहे, महिला, बचत गट, शेतकरी, युवक यांच्याशी स्वतंत्र बोलणे आहे, आणि त्यातून गरजांची यादी काढून ती ग्रामसभेपुढे ठेवायची आहे. हे काम साधारणपणे २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. शिवारफेरी अनेक गावांत छायाचित्रापुरती उरते हे खरे आहे. पण तिथे दहा जाणती माणसे हजर राहिली, तर छायाचित्रापुरती फेरी काढणे अवघड होते हेही तितकेच खरे आहे.

निधीची रचनाही माहीत हवी. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात राज्यातील ग्रामीण निधीपैकी ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना ठरला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला. त्यातही ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करण्याचा. त्यामुळे ‘रस्ता का नाही, गटारच का’ या प्रश्नाला कधी कधी खरेच नियमाचे उत्तर असते, तर कधी नियमाचे नाव पुढे करून सोयीचे काम रेटलेले असते. कोणता निधी बंधित आणि कोणता अबंधित, हे ज्याला ठाऊक आहे त्याला सभेत गप्प बसवणे सोपे नसते.

आता आपले गटार. यादीत असे काम बहुधा एका ओळीत येते: अमुक वस्तीत बंदिस्त गटार बांधणे, इतके मीटर, इतकी रक्कम. या ओळीत ते कोणाच्या घरापासून कोणाच्या घरापर्यंत जाणार, उतार कोणत्या बाजूला आणि शेवटी सांडपाणी कोठे सोडणार, यांतले काहीच नसते. आपण सभेत ‘हे गटार नको’ असे म्हटले, तर तो एका माणसाचा विरोध ठरतो. ‘या गटाराचे शेवटचे टोक कोणत्या गट क्रमांकाच्या जमिनीत उघडते आणि तिथून पाणी विहिरीकडे जाते की ओढ्याकडे, हे नकाशावर दाखवून मगच मंजुरी घ्यावी’ असे लेखी दिले, तर त्याचे उत्तर देणे ग्रामपंचायतीला भाग पडते.

लेखी देण्याची वेळही साधायला हवी. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. तिच्यावर विषयपत्रिका ठरलेली असते आणि आपला विषय त्यात नसेल, तर तो ‘ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या सदरात जातो, जेव्हा निम्मे लोक उठून गेलेले असतात. म्हणून नोटीस निघण्यापूर्वीच आपला विषय अर्जाने द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. सभेत ठरावाला सूचक आणि अनुमोदक कोण, विरोधात कोण बोलले, हे इतिवृत्तात आले की नाही ते तिथल्या तिथे विचारावे. गणपूर्तीकडेही लक्ष असू द्यावे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत, पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मग हे बंधन राहत नाही. ‘सभा तहकूब झाली’ असे समजून घरी गेलेल्या गावाच्या नावावर पुढे मोजक्या लोकांत ठराव झाल्याच्या तक्रारी वारंवार ऐकू येतात, त्या याच वाटेने.

आपल्या गावापुरते सांगायचे तर वेळ अजून गेलेली नाही. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. त्यात आपल्या वस्तीचे काम कोणत्या शब्दांत नोंदले आहे ते पाहा. तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेश हे टप्पे बहुधा बाकी असतील. अंदाजपत्रकाची प्रत मागा, आणि जागा बदलण्याचा किंवा पूरक आराखड्यात दुरुस्ती करण्याचा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर येईल असे पाहा.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण येथे दिल्यावाचून राहवत नाही. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेला स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही मिळाला. या यशाची चर्चा बरीच होते. त्यामागच्या सवयीची फार कमी. तिथे निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभेत होतात, पण त्याआधी अभ्यास गट बसतो. तो निर्णय घेत नाही. कायदा, हिशेब, जंगलाची स्थिती समजून घेतो, बाहेरच्या जाणकाराला प्रश्न विचारतो आणि माहिती गावापुढे ठेवतो. आपल्या गावात महिन्यातून एकदा पारावर किंवा समाजमंदिरात असे आठ-दहा जण बसले, तरी पुढच्या २६ जानेवारीची सभा वेगळी होईल, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : महिलांची ग्रामसभा म्हणजे अंगणवाडीत बोलावून रजिस्टरवर सह्या घेणे, असाच आमचा अनुभव आहे. आमचे म्हणणे मुख्य सभेत पोहोचतच नाही. – बचत गटाची एक सदस्या, जालना जिल्हा

उत्तर : ताई, महिलांची सभा नियमित ग्रामसभेच्या आधी घेणे हे कायद्याने बंधनकारक आहे आणि तिचा हेतूच असा आहे की तिथे ठरलेले पुढे मुख्य सभेत मांडले जावे. त्यामुळे सहीच्या आधी ठराव लिहून घ्या. कोऱ्या पानावर सही करायची नाही, एवढा एक निश्चय आपल्या बचत गटातील सर्वजणींनी मिळून केला, तरी चित्र पालटते. ठराव मोघम नको. ‘पाण्याची सोय व्हावी’ असे लिहिले तर ते कोठेही बसते आणि कोठेच होत नाही. ‘वरच्या वस्तीतील हातपंप उन्हाळ्यात आटतो, तिथे टाकीची जोडणी द्यावी’ असे लिहिले तर त्याचे काम होते किंवा ते का झाले नाही हे सांगावे लागते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. मागील वर्षी ती कशावर खर्च झाली, हा प्रश्न आपल्या सभेत पहिला ठेवा. मुख्य सभेला मात्र चौघी-पाचजणींनी एकत्र जावे आणि आपला ठराव आपणच वाचावा. तो दुसऱ्या कोणावर सोपवला की वाटेतच त्याचे शब्द बदलतात.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली आहे. जुन्या वस्तीतून १२ मीटरचा रस्ता दाखवला आहे आणि मुले ज्या मोकळ्या जागेत खेळतात ती रहिवासी विभागात टाकली आहे. दोनशे जणांच्या सह्यांचे निवेदन आम्ही तयार केले आहे. त्याचा उपयोग होईल का? – एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : गुरुजी, निवेदन जरूर द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये या टप्प्यावर नागरिकांना दिलेला हक्क हरकत आणि सूचना देण्याचा आहे, आणि तो नोटिशीत छापलेल्या मुदतीतच वापरता येतो. मुदत टळल्यावर आलेले अत्यंत योग्य म्हणणेही बाजूला पडू शकते. आलेल्या हरकतींवर सुनावणी घेण्यासाठी नियोजन समिती असते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. ही समिती प्रत्येक हरकतीवर शिफारस करते, आणि अडचण नेमकी इथे येते: दोनशे सह्यांचे एक निवेदन अनेकदा एकच हरकत म्हणून मोजले जाते आणि एकाच सुनावणीत निकालात निघते.

म्हणून सामूहिक निवेदनासोबत प्रत्येक बाधित कुटुंबाने स्वतःची वेगळी हरकत द्यावी. तीत नकाशाचा भाग, आपला नगर भूमापन क्रमांक किंवा गट क्रमांक, घर किती वर्षांपासून आहे, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, कर भरल्याच्या पावत्या आणि जागेची छायाचित्रे असावीत. एकाच मसुद्याच्या छायांकित प्रती नुसती नावे बदलून दिल्या तर समितीही त्यांना एकत्र बांधून उत्तर देते. आणि जिथे शक्य असेल तिथे पर्याय सुचवा. रस्ता नको, एवढेच म्हणणाऱ्यापेक्षा शेजारच्या नाल्याच्या काठाने तो वळवता येईल, असे कच्च्या रेखाटनासह दाखवणाऱ्याचे म्हणणे समितीला टाळता येत नाही. सुनावणीत दोन-तीन मिनिटेच मिळतात, त्यामुळे बोलायचे ते लेखी नेऊन द्यावे आणि पोच घ्यावी.

खेळाच्या जागेबाबत आपली बाजू अधिक मजबूत असू शकते. विकास योजना आखण्यापूर्वी विद्यमान भू-वापराचा नकाशा तयार करावा लागतो. ती जागा त्या नकाशात मोकळी जागा किंवा मैदान म्हणून दाखवली आहे का, ते प्रथम तपासा. दाखवली नसेल तर मूळ चूक तिथेच आहे. मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. विद्यमान भू-वापराच्या नकाशातील चुका नागरिकांच्या गटांनी रस्तोरस्ती फिरून दाखवल्या होत्या. तरी २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात ढोबळ चुका राहिल्या, हरकतींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने तपासण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि राज्य शासनाची मंजुरी २०१८ मध्ये. मला या घटनाक्रमात नागरिकांचा विजय दिसतो, पण काही वर्षे वाया गेल्याचे दुःखही वाटते, कारण लोकांनी आधी दाखवलेल्या चुका वेळीच दुरुस्त केल्या असत्या तर हा फेरा टळला असता.

समितीने आपले म्हणणे फेटाळले तरी अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. तिथे भरीव स्वरूपाचे बदल करायचे झाल्यास शासनाला पुन्हा नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. राजपत्रावर आणि नगरपरिषदेच्या फलकावर नजर ठेवणारे एक-दोन जण आपल्या वस्तीने आताच नेमावेत, कारण ही दुसरी नोटीस बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

प्रश्न : आमच्या किनाऱ्याजवळ एक मोठा प्रकल्प येत आहे आणि त्याची पर्यावरणविषयक जनसुनावणी लागली आहे. गावात दोन मते आहेत. काही जण म्हणतात, सुनावणीवर बहिष्कार टाकावा, म्हणजे ती होणारच नाही. काही म्हणतात, जाऊन विरोध नोंदवावा. आपले मत काय? – एक मच्छीमार वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : बहिष्कारामागची भावना मला समजते. सगळे आधीच ठरले आहे आणि आपल्याला फक्त शोभेसाठी बोलावले आहे, असे वाटू लागले की माणूस पाठ फिरवतो. पण कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर बहिष्काराने गावाचेच नुकसान होते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा आगाऊ अभ्यास) अधिसूचनेत या सुनावणीला किमान उपस्थितीची अटच नाही. मंडप रिकामा असला तरी सुनावणी झाली असे धरले जाते, आणि पुढे तज्ज्ञ समितीपुढे जाणाऱ्या कागदांत आपल्या गावाचा आवाज शून्य राहतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की जावे, आणि तयारीने जावे.

तयारी सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी सुरू होते, कारण तेवढ्या मुदतीची नोटीस वृत्तपत्रांत देणे आवश्यक आहे. या काळात मूल्यांकनाचा मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा ठिकाणी पाहायला मिळायला हवा. सारांश गुळगुळीत असतो. वाचायचा तो मूळ मसुदा. त्यात आपल्या गावाविषयी काय लिहिले आहे ते शोधा. खाडीच्या मुखाशी कोणती मासळी कोणत्या महिन्यात मिळते, जाळी कोठे वाळत घालतात, होड्या कोठे लागतात, पावसाळ्यात पाणी कोठपर्यंत चढते, याची माहिती आपल्याइतकी कोणालाच नसते. मसुद्यात ‘या भागात मासेमारी तुरळक आहे’ असे एखादे वाक्य सापडले, तर आपल्या मच्छीमार सोसायटीतील मासळीच्या आवकीच्या नोंदी काढून त्याला उत्तर द्या. अशा एका कागदाचे वजन शंभर घोषणांपेक्षा जास्त असते.

सुनावणीच्या दिवशी अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने किमान अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो आणि सर्व कामकाजाचे चित्रीकरण होते. सर्वांत महत्त्वाचा क्षण शेवटी येतो, जेव्हा निम्मा मंडप रिकामा झालेला असतो. अधिसूचनेप्रमाणे कामकाजाचे इतिवृत्त त्याच दिवशी, उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांची सही तिथेच व्हावी लागते. गावातील पाच-सहा जणांनी शेवटपर्यंत थांबायचे हे आधीच ठरवा. आपला मुद्दा त्या वाचनात आला नाही, तर उभे राहून ‘हे नोंदवले गेले नाही’ असे सांगा आणि ते नोंदवून घ्या. लेखी निवेदनही सोबत द्या.

एका गोष्टीबाबत मात्र गैरसमज नको. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे आणि संमतीही नव्हे. तिथे बहुमताने विरोध झाला म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. गावाच्या संमतीला कायद्यात स्थान कोठे आहे, हे वेगळे शोधावे लागते. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला, तो वनहक्क कायद्याच्या आधारावर. जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या निरीक्षकासमक्ष १२ ग्रामसभा झाल्या, सर्व ग्रामसभांनी नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वन मंजुरी नाकारली. याच्या पाच वर्षे आधी, सप्टेंबर २००८ मध्ये, आपल्याच रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमीन देण्यावर शेतकऱ्यांचे मत घेतले गेले होते. ते मतदान देशभर गाजले, आंदोलनाला त्याने मोठे बळही दिले. पण त्याच्या निकालाने शासनाला बांधील धरणारे कलम कायद्यात नव्हते. हा फरक समजून घेऊन आपल्या वकिलांशी बोला: आपल्या गावाच्या हद्दीत वनजमीन आहे का, किनारपट्टी नियमनाखाली कोणते क्षेत्र येते, भूसंपादन कोणत्या कायद्याखाली होणार आहे आणि त्यात जमीनमालकांच्या संमतीची अट लागू होते का. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आहे. तिला अपवादही आहेत, म्हणून संपादनाची अधिसूचना कोणत्या कायद्याच्या नावाने निघाली आहे ते पहिल्या ओळीतच वाचावे.

प्रश्न : महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची सोय खरोखर उपयोगी आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : मर्यादित अर्थाने आहे. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून ही पद्धत सुरू केली. कामे छोटी असतात: पदपथाची दुरुस्ती, दिवे, बाक, बसथांब्याची सावली. आपला अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देऊन थांबू नये. जागा महापालिकेच्या ताब्यात आहे का हे आधी पाहावे, कारण मोठ्या संख्येने सूचना तिथेच अडतात. मोठ्या रस्त्यांचा आणि उड्डाणपुलांचा निर्णय या वाटेने होत नाही, आणि माझ्या मते खरा सहभाग तिथे हवा आहे.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे मुंबईत नोकरीला आहे, पण घर आणि जमीन कोकणात आहे. गावच्या ग्रामसभेत मला बोलता येईल का? – एक चाकरमानी वाचक, ठाणे

उत्तर : ग्रामसभेचे सदस्यत्व गावच्या मतदारयादीतील नावावरून ठरते. आपले नाव ठाण्याच्या यादीत असेल तर गावच्या सभेत आपल्याला मत नाही, आणि दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. सभेच्या अध्यक्षांनी परवानगी दिली तर म्हणणे ऐकले जाईल, पण तो आपला हक्क नव्हे. तरीही आपल्यासारख्यांनी करण्याजोगे काम पुष्कळ आहे. वाडीवाडीची मुंबई मंडळे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी जितक्या जिद्दीने उभी राहतात, तितक्याच जिद्दीने त्यांनी गावच्या विकास आराखड्याची प्रत मिळवावी, मंत्रालयातील पाठपुरावा करावा, पर्यावरणविषयक मंजुऱ्यांच्या केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरील प्रकल्पाची कागदपत्रे उतरवून गावकऱ्यांना समजावून सांगावीत. आणि आपल्या परिसरात पर्यावरणीय जनसुनावणी लागली, तर प्रकल्पाशी वाजवी हितसंबंध असलेल्या कोणालाही लेखी म्हणणे पाठवता येते. त्यासाठी मतदारयादीत नाव असण्याची अट नाही. ते म्हणणे नोटिशीत दिलेल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पत्त्यावर मुदतीच्या आत पाठवावे, आणि त्यात आपल्या जमिनीचा गट क्रमांक लिहिण्यास विसरू नये.